हरीम

दरवर्षी पावसाळा संपत आला की आमच्या वर्गातली हजेरी घटते. रजेच्या अर्जात मुले 'यरकान' लिहितात, डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'कावीळ' असते आणि अर्ज घेऊन आलेली आजी 'पीलिया हो गया, सर' म्हणते. नावे तीन, दुखणे एकच. पंधरा दिवस, कधी महिनाभर मूल घरी राहते. परत येते तेव्हा डोळ्यांत अजून हळद उतरलेली असते आणि इतिहासाचे दोन-तीन धडे निघून गेलेले असतात.

असाच परत आलेला एक मुलगा. आम्ही मलिक अंबर आणि त्याच्या नहरीविषयी सांगत होतो. त्याने हात वर केला, "सर, नहर के जमाने में यरकान होता था क्या?" वर्ग हसला. आम्हीही हसलो, कारण उत्तर आमच्याजवळ नव्हते. बी.एड.ला आम्हाला प्रश्न कसे विचारावेत हे शिकवले होते. मुलांचा प्रश्न कसा झेलावा हे फारसे कुणी शिकवले नाही. त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर आम्ही इथे वडीलधाऱ्यांसमोर मांडतो आहोत. मराठीत मांडतो आहोत, कारण हे पाणी सगळ्या गावाचे आहे.

आमचे शहर म्हणजे पूर्वीची खडकी, मग फतेहनगर, मग औरंगाबाद, आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली, पण उत्तरेचे डोंगर आणि त्यांच्या पायथ्याची खाम नदी जागची हलली नाही. १६१० च्या सुमारास निजामशाहीचा कारभारी मलिक अंबर याने खडकी ही राजधानी केली तेव्हा त्याच्यापुढे पहिला सवाल पाण्याचा होता. लहानपणी हबशांच्या मुलखातून गुलाम म्हणून विकला गेलेला, अरबांच्या बाजारांतून फिरत फिरत दख्खनेत पोहोचलेला हा माणूस. त्याने कोरडे प्रदेश पाहिले होते. खाम नदी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात रोडावते. शिवाय नदीकाठी गाव वाढले की गावाची घाण नदीतच जाते. त्याने नदीकडे पाठ फिरवली आणि डोंगराकडे पाहिले.

नहर म्हटल्यावर अनेकांच्या डोळ्यांपुढे उघडा कालवा येतो. नहर-ए-अंबरी तशी नाही. डोंगरावर पडलेला पाऊस मुरमातून, खडकाच्या भेगांतून हळूहळू खाली झिरपतो. त्या झिरप्याला पायथ्याशी, जमिनीच्या पोटातच अडवायचे आणि अगदी बेताच्या उतारावर खोदलेल्या भुयारातून शहराकडे आणायचे, अशी ही रीत. इराणात अशा भुयाराला कनात म्हणतात. आमच्याकडची भुयारे दगड-विटांनी बांधलेली आहेत आणि काही ठिकाणी माणूस उभा राहून चालू शकेल एवढी उंच आहेत. ठरावीक अंतरावर विहिरीसारखी उभी तोंडे ठेवली आहेत. खोदताना माती काढायला, पुढे हवा खेळायला आणि साफसफाईसाठी माणूस उतरायला ती उपयोगी पडत. हल्ली त्यांना सगळे मॅनहोलच म्हणतात. शहराजवळ आल्यावर पाणी खापराच्या नळांत शिरते. मध्ये मध्ये उंच मनोरे लागतात, ते बंबे. त्यात पाणी वर चढते, नळातली कोंडलेली हवा निघून जाते, दाब आटोक्यात राहतो आणि पाणी पुढच्या मोहल्ल्याकडे वळते. उपसा नाही, बैल नाही, मोट नाही. सगळे काम उताराचे.

पुढच्या शे-दीडशे वर्षांत अशा डझनभर नहरी झाल्या. कुणी पाहिले नसेल तर त्याने या पाण्याचा प्रवास एकदा मनात आणून पाहावा. आभाळातून पडल्यावर ते गवतात, झाडोऱ्याच्या मुळांत अडकले. तिथून मातीत, मुरमात, खडकात गेले. मातीच्या थरांतून झिरपताना गाळ मागे राहतो, रोगजंतूही पुष्कळसे अडकतात, आणि पाणी जितके दिवस जमिनीत राहते तितके त्यातले जंतू मरत जातात. मग अंधारात, बंद भुयारातून ते शहरात आले. वाटेत ना म्हैस बसली, ना धुणे धुतले गेले. हे सगळे जंतुशास्त्र जन्मायच्या अडीचशे वर्षे आधीचे. मलिक अंबरला जंतू माहीत होते असा दावा आम्ही करणार नाही. (आपल्याकडे प्रत्येक जुन्या गोष्टीत आजचे विज्ञान शोधायची हौस आहे, ती सर्वच धर्मांच्या लोकांना आहे.) त्याला एवढेच ठाऊक होते की पाणी जिथून निघते तिथे ते चांगले असते, आणि माणसांत आल्यावर बिघडते.

त्याच सुमारास, १६१५ मध्ये, बुऱ्हाणपुरात अब्दुर्रहीम खान-ए-खानानच्या कारकिर्दीत कुंडी भंडारा बांधला गेला. तिथे सातपुड्याच्या पायथ्याचा झिरपा, इथे आमच्या डोंगरांचा. मलिक अंबर आणि मोगल एकमेकांच्या जिवावर उठलेले होते, पण पाण्याच्या बाबतीत दोघांची अक्कल एकाच वाटेने चालली.

आमच्या नहरींपैकी सर्वांच्या माहितीची म्हणजे पाणचक्कीची. दूर डोंगरातून आलेले पाणी तिथे उंच भिंतीवर चढून खाली कोसळते आणि जाते फिरवते. फकीर, तालिब-इल्म आणि मुसाफिरांसाठी त्यावर पीठ दळले जाई. समोरच्या लांबट हौदाचा तळ म्हणजे खालच्या दालनाचे छत. मे महिन्यातही ते दालन गार असते. ही जागा बाबा शाह मुसाफिर यांच्या तकियाची. बाबा मूळचे बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे, नक्शबंदी सिलसिल्याचे. आता हा बुखारा आम्हाला या लेखात हवा आहे, कारण पाण्याच्या बाबतीत त्याची कहाणी आमच्या नहरीच्या अगदी उलटी आहे.

बुखाऱ्यातही हौद होते, गल्लोगल्ली होते आणि फार देखणे होते. पण त्यांत पाणी यायचे ते उघड्या कालव्यातून. चारी बाजूंनी दगडी पायऱ्या पाण्यात उतरत. भिश्ती त्याच पायऱ्यांवर उभे राहून पखाल भरत, तिथेच वुजू, तिथेच हातपाय धुणे, आणि तेच पाणी घराघरांत प्यायला. १५५८ मध्ये अँथनी जेंकिन्सन हा इंग्रज व्यापारी बुखाऱ्यात गेला होता. तिथले पाणी प्यायल्याने लोकांच्या पायांत लांबलचक किडे होतात असे त्याने लिहून ठेवले. १८३२ मध्ये अलेक्झांडर बर्न्स गेला, त्यालाही तेच दिसले. बुखाऱ्याचे लोक या रोगाला 'रिश्ता' म्हणत. फारसीत रिश्ता म्हणजे धागा. उर्दूत आपण त्याच शब्दाने सोयरीक जुळवतो, पण बुखाऱ्यात तो पायातून ओढून काढावा लागे.

हा आपला नारू. इब्न सीना स्वतः बुखाऱ्याकडचाच. त्याने 'अल-कानून'मध्ये याचे वर्णन 'मदिनेची शीर' म्हणून केले आहे. हात-दोन हात लांबीचा सुतासारखा किडा पायाला फोड आणून बाहेर डोकावतो. आग थांबावी म्हणून रोगी पाय पाण्यात बुडवतो, आणि त्याच क्षणी किडा आपली हजारो पिल्ले पाण्यात सोडतो. ही पिल्ले पाण्यातल्या डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या सायक्लॉप्स नावाच्या जीवाच्या पोटात जातात. ते पाणी जो पितो त्याच्या पायातून वर्षभराने नवा किडा निघतो. सायक्लॉप्सचा हा दुवा १८७० च्या सुमारास तुर्कस्तानातच अलेक्सेई फेदचेन्को या रशियन शास्त्रज्ञाने शोधला. पुढे १९२३ पासून इसायेव या डॉक्टराच्या देखरेखीखाली बुखाऱ्यातले हौद उपसले गेले, बुजवले गेले, बंद नळाचे पाणी आले आणि १९३१ नंतर रिश्ता बुखाऱ्यातून गेला. त्यावर औषध नव्हते. आजही नाही. पाय आणि पिण्याचे पाणी वेगळे केले, एवढाच काय तो इलाज.

आपल्या बुजुर्गांना नारू सांगावा लागत नाही. महाराष्ट्रातल्या, मराठवाड्यातल्या पायऱ्यांच्या बारवांनी तो पिढ्यान्‌पिढ्या पोसला. काडीवर गुंडाळून रोज बोटभर ओढायचा, तुटला तर पाय सुजून माणूस महिनोन्‌महिने जमिनीवर. सुगीच्या दिवसांत कर्ता माणूस असा पडला तर घर उपाशी. १९८३-८४ पासून देशभर मोहीम चालली. पायऱ्यांच्या विहिरींना कठडे घातले, हातपंप बसवले, पाणी कापडाने गाळायला शिकवले. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रोगी सापडला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त ठरला. एवढा जुना रोग इतक्या साध्या उपायाने गेला, पण त्याचा आनंद मात्र कुणी साजरा केला नाही. आमचे विद्यार्थी तर नारू म्हणजे काय हेच विचारतात. ही चांगलीच गोष्ट आहे.

तेव्हा पाण्याचा इतिहास हा पाण्याभोवतीच्या जागेचाही इतिहास आहे. आपल्या फिकहमध्ये या जागेला एक शब्द आहे, हरीम. हराम, हरम, एहराम, सगळे एकाच धातूतून निघालेले. अर्थ, जिथे मनाई आहे ती जागा. विहीर खोदणाऱ्याला तिच्याभोवती चाळीस हात जागा मिळते, हे हदीसवरून ठरले. हनफी फकीहांनी झऱ्यासाठी पाचशे हात सांगितले. त्या वर्तुळात दुसऱ्याने विहीर खणायची नाही. अकराव्या शतकाच्या आरंभी कराजी या गणितज्ञाने जमिनीखालचे पाणी वर आणण्याच्या विद्येवर एक आख्खी किताब लिहिली. तीत कनातीच्या हरीमचीही चर्चा आहे.

इथे आम्हाला प्रामाणिक राहिले पाहिजे. हरीमचा मूळ हेतू हक्काचा आहे: एकाच्या विहिरीचे पाणी दुसऱ्याने पळवू नये. पण त्याच्या जोडीला स्वच्छतेचे हुकूमही आहेत. साचलेल्या पाण्यात लघवी करू नये, पाणवठ्यावर, रस्त्यावर आणि लोकांच्या सावलीच्या जागी घाण करू नये, असे प्रेषितांनी (स.) बजावले. दोन्ही एकत्र वाचले की मनात एक वर्तुळ उभे राहते, ज्यात पाण्याच्या वरची जमीनही पाण्याइतकीच जपायची असते. मदरशात हे आम्हाला शिकवले गेले, पण तहारतच्या बाबात. वुजू होईल की नाही एवढाच सवाल असे. आजार होईल की नाही, हा सवाल कुणी काढला नाही.

हरीम मोडले तर काय होते, याचा सर्वांत गाजलेला दाखला लंडनचा आहे. ऑगस्ट १८५४ च्या अखेरीस ब्रॉड स्ट्रीटवर पटकी उसळली आणि थोड्याच दिवसांत सहाशेहून अधिक माणसे गेली. डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर फिरून मयतांचा हिशेब मांडला आणि बोट एका सार्वजनिक पंपावर ठेवले. ८ सप्टेंबरला पंपाचा दांडा काढला गेला. हे सगळ्यांना माहीत असते. पुढचे कमी लोक सांगतात. पंपाखालची विहीर खणून पाहिली तेव्हा शेजारच्या ४० नंबरच्या घराचा शौचकूप तिच्यापासून तीन फुटांहूनही कमी अंतरावर निघाला, आणि त्याच्या विटा ढिल्या झाल्या होत्या. त्या घरातले तान्हे बाळ साथीच्या अगदी सुरुवातीला आजारी पडले होते. आपल्याकडे सांगितलेले अंतर चाळीस हात, आणि इथे दोन हातही नाहीत.

त्याच १८५४ साली मुंबईत पाण्याची भयंकर टंचाई होती. तलाव आणि विहिरींवर जगणारे ते शहर. मग साष्टीत विहारचे काम निघाले आणि १८६० मध्ये तलाव पूर्ण झाला. १८७९ मध्ये तुळशी आला. दोन्ही तलावांभोवतीचे डोंगर आणि जंगल राखून ठेवले गेले. आज ते संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात आहेत. १८९१ मध्ये विहारच्या खालच्या अंगाला पवई झाला. विहार आणि पवई शेजारी शेजारी आहेत, पाऊस तोच. पण पवईचे पाणी लवकरच पिण्यासाठी नालायक ठरले आणि पुढे त्याच्या काठांवर वस्त्या, इमारती आल्या. आज विहारचे आणि तुळशीचे पाणी शुद्ध करून मुंबई पिते. पवईकडे लोक संध्याकाळी फिरायला जातात. एका तलावामागे जंगल उरले, दुसऱ्यामागे उरले नाही. मुलांना फळ्यावर काढून दाखवायला इतका सोपा नकाशा क्वचितच मिळतो.

पण नकाशात माणसेही असतात. १९९७ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर त्याच उद्यानातल्या हजारो झोपड्या पाडल्या गेल्या. त्यांत कोण राहत होते हे आमच्या वाचकांना वेगळे सांगायला नको. शहराच्या आरोग्यासाठी जंगल हवे हे खरे, पण त्याची किंमत नेहमी सर्वांत कमी पाणी मिळणाऱ्याकडूनच का वसूल व्हावी, हा सवाल आम्हाला छळतो.

याला दुसरी वाट आहे, आणि तीही नेमकी १९९७ चीच. न्यूयॉर्क शहराचे बहुतेक पाणी कॅट्स्किल आणि डेलावेअर या डोंगराळ भागातून येते. ते गाळण्याचा प्रकल्प बांधायचा तर सहा ते आठ अब्ज डॉलर लागतील असा अंदाज होता. शहराने डोंगरातल्या गावांशी करार केला. सुमारे दीड अब्ज डॉलरमध्ये जमिनी विकत घ्यायच्या, पण विकणाऱ्याच्या राजीने. शेतकऱ्यांना पैसे द्यायचे, म्हणजे ते ओढ्याकाठी कुंपण घालतील आणि जनावरांचे शेण पाण्यात जाणार नाही. गावांची शौचकूपे शहराच्या खर्चाने दुरुस्त करायची. ऐंशी लाखांहून अधिक माणसांचे ते शहर आजही बहुतेक पाणी न गाळता, फक्त निर्जंतुक करून पिते. हा करार सुखासुखी झाला नाही, डोंगरातल्या लोकांनी पुष्कळ भांडण केले. पण ते भांडण बरोबरीच्या टेबलावर बसून झाले.

आमच्या शहरात काय झाले? १९७६ मध्ये जायकवाडीचे धरण पूर्ण झाले. दक्षिणेला सुमारे पन्नास किलोमीटरवरून, चढावर उपसून गोदावरीचे पाणी शहरात येऊ लागले. शहर वाढले होते, नहरींच्या पाण्यावर ते भागले नसते, हे मान्य. पण नळ आल्यावर डोंगर कुणाचाच राहिला नाही. उतारावरचा झाडोरा गेला, खडी काढली गेली, प्लॉट पडले. बोडक्या उतारावर पाऊस मुरत नाही, गढूळ होऊन धावतो. भुयारांवर पाये खोदले गेले, मॅनहोल राडारोड्याने बुजले. आणि नळाचे पाणी? ते काही दिवसांआड येते. पाणी बंद झाले की नळ रिकामा होतो, दाब नाहीसा होतो, आणि जिथे नळ फुटका आहे तिथे शेजारच्या गटाराचे पाणी आत ओढले जाते. पुढच्या पाळीला तेच आधी घराघरात पोहोचते. कावीळ अशी येते. ब्रॉड स्ट्रीटची विहीर आता लांबट होऊन गल्लीगल्लीतून गेली आहे, इतकेच.

नहरीच्या जमान्यात यरकान होत होता का? होत असणारच. शहरातले हौद उघडे होते, आणि भिश्त्याची पखाल काही दवाखान्यातली नव्हती. पण भुयारात असेपर्यंत त्या पाण्यात कावीळ शिरायला वाट नव्हती, कारण तिथे वरची जमीन राखलेली होती. त्या मुलाला आम्ही एवढेच सांगू शकलो.

त्याला ते पुरेसे वाटले नाही. म्हणून एका रविवारी आम्ही आठवीची अठरा मुले घेऊन आमच्या मोहल्ल्याजवळच्या एका मॅनहोलपाशी गेलो. सुतळीला हाताहातावर गाठी मारून चाळीस हात मोजले. मॅनहोलच्या कडेला एक टोक धरून मुलगा उभा राहिला, दुसरे टोक घेऊन बाकीचे गोल फिरले आणि वाटेत जे लागेल ते वहीत लिहीत गेले. सात घरे. शौचालयाच्या दोन टाक्या, पैकी एक फुटकी. दुचाकीचे गॅरेज, काळ्या तेलाचे डबके. बांधकामाचा राडारोडा. कोंबड्यांच्या पिसांनी भरलेली गोणी; ती आमच्याच मोहल्ल्यातल्या दुकानाची होती, आणि दुकानदार एका मुलाचा मामू निघाला. एक कडुनिंबाचे झाड. गॅरेजवाल्याने विचारले, "काय मोजता, सर? रस्ता रुंद होणार का?" आम्ही नाही म्हटले, पण त्याच्या चेहऱ्यावरची धास्ती गेली नाही. मोजायला आलेला माणूस म्हणजे पाडायला आलेला माणूस, हे त्याने पाहिलेले होते.

मग तो प्रश्न विचारणारा मुलगा मॅनहोलच्या तोंडाशी पालथा झोपला. आम्ही त्याचे पाय धरले. वरच्या दगडांतून त्याने कान आत घातला आणि आम्हा सर्वांना गप्प बसायला खुणावले. गॅरेजवाल्यानेही हातोडी खाली ठेवली. थोड्या वेळाने मुलगा म्हणाला, "सर, चल रहा है. पानी चल रहा है." मग एकेक जण पाळीपाळीने पालथा झाला. अठरा मुले, आणि शेवटी गॅरेजवाला.